साडेपाच टनांच्या शेठना अनावृत पत्र

माननीय शेठ,



आपलं नाव या पत्रात कुठंही घातलेलं नाही. एक तर ते आपल्या टेम्पोच्या चारी बाजूंना इतक्या ठसठशीत अक्षरांत रंगवलंय की प्राधिकरणापासून मोशीपर्यंत त्याची आणखी जाहिरात करायची गरज नाही. शिवाय घरगुती सेंट्रल एसी बसवणारे आपण काही एकटेच नाही. हे वाचून आणखी पाच-पन्नास शेठना आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं, तर वाटू दे.

प्रथम अभिनंदन. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या बंगल्यात आपण साडेपाच टनांचं डक्टेबल मशीन चढवलंत, छताखालून डक्ट फिरवला, तो झाकायला जिप्समचं फॉल्स सीलिंग ठोकलंत, सीलिंगच्या कडेनं पिवळ्या उजेडाच्या पट्ट्या सोडल्यात आणि मला हॉलमधल्या ग्रिलखाली उभं करून म्हणालात, "काका, हात धरून बघा. गार आहे ना?" गार होतं. इथं आपलं कमिशनिंग संपलं आणि बिल सुरू झालं.

चाकणच्या एका मोटार कारखान्यात पेंट शॉपला हवा पुरवणारी यंत्रणा सांभाळण्याची माझी नोकरी आहे, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच आपण कामाला मुहूर्त धरलात तो आमच्या कंपनीच्या वार्षिक शटडाउनचा. मी रात्रंदिवस तिकडं, आपण इकडं, आणि सही झालेल्या नकाशावरची भली मोठी रिटर्न ग्रिल, म्हणजे हवा परत नेणारी जाळी, मधल्या मधे गडप. मी परतलो तेव्हा सीलिंगला दुसरा हात मारून झाला होता. कॅलेंडर वाचायची ही हातोटी जर हीट लोड काढायला वापरली असतीत, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आमच्या पेंट बूथमधली गोष्ट सांगतो. तिथं हवा साधारण २३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवावी लागते. थोडं इकडंतिकडं झालं की बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत ऑरेंज पील येतं आणि गाडी पुन्हा घासायला जाते. वातानुकूलनाचा जन्मच मुळी मालासाठी झाला, माणसासाठी नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतली वाफ काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. माणसाची पाळी नंतर आली, तीही आधी सिनेमाच्या तिकिटावर. मुंबईच्या रीगलमध्ये १९३३ साली लोक थंड हवा खायला जात ते चित्रपटाच्या निमित्तानं. तेव्हा माझ्या घरातल्या माणसांना आपण बॉनेटपेक्षा खालचा दर्जा दिलात, त्यात परंपरेला धरूनच वागलात म्हणायचं.

आता थोडी उजळणी. आपल्याला याची गरज नाहीच, पण पत्र अनावृत आहे आणि वाचणाऱ्यांत आपली पुढची गिऱ्हाइकं असतील.

थंडी कुणाला बनवता येत नाही. घरातली उष्णता उचलून बाहेर टाकता येते, एवढंच. पॅसेजच्या छतात जे मशीन लपलंय, त्यात तांब्याच्या नळ्यांची कॉइल आहे. नळ्यांतून गॅस फिरतो. हल्ली आर-४१०ए नाहीतर आर-३२. कमी दाबाखाली तो आत उकळतो, उकळायला लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो आणि हवा गार होते. गच्चीवरच्या आउटडोअरमधला कॉम्प्रेसर त्याच गॅसला दाबून तापवतो, पंखा ती उष्णता आकाशात उधळतो, गॅस पुन्हा द्रव होऊन खाली येतो. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साडेतीन किलोवॉट. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो हा जुना हिशोब.

इथवर स्प्लिट आणि सेंट्रलमध्ये काही फरक नाही. फरक पडतो तो पुढं. स्प्लिट त्याच खोलीतली हवा घेतो आणि त्याच खोलीत सोडतो. सेंट्रलमध्ये एकच ब्लोअर गार हवा डक्टातून सगळ्या खोल्यांत पाठवतो, आणि तीच हवा खोल्यांमधली उष्णता, ओल, धूळ उचलून त्याच ब्लोअरकडं परत यावी लागते. टनामागं मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा धरतात. साडेपाच टनांना २,२०० झाली. गेली २,२००, तर आलीही २,२००च पाहिजे. चाकणला सकाळी कंपनीच्या बसगाड्या माणसं सोडतात आणि संध्याकाळी त्यांना परत आणायचा रस्ताच कुणी खणून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी शिफ्टला कोण उभं राहणार? आपण नेमका तो परतीचा रस्ता खणलात.

परत येणारी हवा ग्रिलमधून निवांत यावी म्हणून तिचा वेग मिनिटाला ४०० फुटांच्या आसपास ठेवतात. २,२०० भागिले ४००, म्हणजे साडेपाच चौरस फुटांची ग्रिल. टनांइतकेच चौरस फूट. लक्षात ठेवायला याहून सोपं काही नाही. नकाशात तेवढीच होती. आपण लावलीत दोन फूट बाय एक फूट, तीही उजेडाच्या पट्टीआड, कारण "काका, टीव्हीच्या भिंतीवर जाळी वाईट दिसते." पात्यांची जागा वजा केली तर दीड चौरस फूटही उरत नसेल. म्हणून आमच्या हॉलमध्ये संध्याकाळभर शिट्टी वाजते. नवा पाहुणा आला की हिला विचारतो, कुकर किती शिट्ट्यांवर आहे?

आणि आता आपल्या त्या हात धरण्याकडं येऊ, कारण सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुरेख पुरावा तोच आहे. रिटर्न गुदमरली की कॉइलवरून हवा कमी जाते. कमी हवा कॉइलवर रेंगाळते आणि जास्त गार होऊन बाहेर पडते. म्हणजे ग्रिलखाली हात धरून हवा बर्फासारखी लागली, तर ती मशीन उत्तम असल्याची नव्हे, मशीनचा गळा आवळला असल्याची खूण असू शकते. आपण मला गुन्ह्याचा पुरावा हातात दिलात आणि वर कौतुकाची अपेक्षा केलीत.

पुढचं ओघानं आलंच. हवा कमी, कॉइल शून्याखाली, हवेतली वाफ कॉइलवर गोठायला लागली. बर्फानं उरलीसुरली हवा अडवली. खोली गार होईना. आपला माणूस आला, शिडीवर चढला, खाली उतरला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय." या व्यवसायाचा हा राष्ट्रीय मंत्र आहे. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. ती शोधा, ब्रेझिंग करा, व्हॅक्यूम काढा, वजन करून गॅस भरा. गळती न शोधता दर खेपेला गॅस मारणं म्हणजे माझा खिसा आणि वरचं आकाश, दोन्ही एकदम तापवणं. किगाली करारानुसार हेच गॅस आपल्या देशाला टप्प्याटप्प्यानं कमी करायचे आहेत. आपण ते माझ्या गच्चीवरून सोडून देता.

मग बर्फ वितळला. खरं तर कॉइलखालच्या ट्रेमधून पाणी ड्रेनच्या पाइपानं निघून जायला हवं. पण ट्रे ब्लोअरच्या ओढीच्या बाजूला असतो. पाइपाला यू-ट्रॅप नसेल तर ब्लोअर त्याच पाइपातून उलटी हवा ओढतो, पाणी उतरत नाही, ट्रे भरतो आणि सांडतो. ट्रॅप म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपाचा वाकडा तुकडा. तो आपण वाचवलात. त्या बचतीचा पिवळा डाग आमच्या जिप्समवर आहे आणि त्याखालचा सोफा सध्या गॅलरीत वाळतोय. आपला माणूस वर बघून म्हणाला, "स्लॅब गळत असेल." मे महिन्यात. दाद दिली पाहिजे.

वासाचं कोडं सोडवायला मात्र मलाही वेळ लागला. बेडरूममध्ये गार हवा जाते, पण दार लावलं की तिला बाहेर पडायला वाट नाही. दाराखालची बोटभर फट टनभर हवेला पुरत नाही. दाराच्या वर नाहीतर भिंतीत ट्रान्सफर ग्रिल लागते. ती आपण दिली नाहीत. त्यामुळं बेडरूममध्ये हवा कोंबली जाते आणि हॉल उपाशी राहतो. उपाशी ब्लोअर जिथून मिळेल तिथून ओढतो: खिडक्यांच्या फटींतून, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या भोकातून आणि खालच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमधून. ते बाथरूम फारसं वापरात नाही, उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी आटतं, आणि मग महापालिकेच्या ड्रेनेजचा सुगंध वातानुकूलित होऊन आमच्या दिवाणखान्यात दरवळतो. सेंट्रल एसीचा हा फायदा माहितीपत्रकात छापायचा राहिला.

शिवाय आपण रिटर्नचा डक्टच टाकला नाही. सीलिंगवरची पोकळीच रिटर्न म्हणून मोकळी सोडलीत. दिवसभर तापलेला स्लॅब त्या पोकळीत रात्री नऊपर्यंत भट्टी पेटवून बसतो. त्यातून येणारी हवा आपण पुन्हा गार करता. मी माझ्या पैशानं स्लॅबची खालची बाजू गार करतोय. वरच्या मजल्याचा डक्ट तर गच्चीवरून उघड्या उन्हात नेलात, त्यावर इन्सुलेशनची एक पातळ पट्टी, जोडांना सीलंटऐवजी चिकटपट्टी. एप्रिलात त्या पत्र्याला बोट लावलं की चटका बसतो. त्यातून गार हवा जाते, अशी आपली समजूत आहे.

टनांचाही हिशोब बघू. आपण घर फिरलात, मजल्याचं क्षेत्रफळ विचारलंत, मोबाइलवर शंभरानं भागलंत आणि "थोडं वरचं घेऊ" म्हणालात. पश्चिमेची काच किती, स्लॅबवर चायना मोझॅक आहे की उघडं काँक्रीट, घरात माणसं किती, कशाचीही चौकशी नाही. वरचं घेण्याची शिक्षा मेमध्ये कळत नाही, जुलैत कळते. पावसाळ्यात आमच्याकडं बाहेर तापमान तिशीच्या आतच असतं, पण हवा ओलीचिंब. मोठं मशीन सुरू होतं, खोली झटकन गार करतं आणि बंद पडतं. वाफ कॉइलवर थेंब होऊन उतरायला मशीन सावकाश, बराच वेळ चालावं लागतं. ते चालतच नाही, म्हणून खोली थंड आणि दमट राहते, आणि कपाटातल्या ठेवणीतल्या पैठणीला बुरशीचा वास येतो. थर्मोस्टॅट आपण लावलाय स्वयंपाकघराच्या दारापाशी. पोळ्या सुरू झाल्या की त्याला वाटतं घर पेटलं. मशीन जोर धरतं आणि वरच्या खोलीत आई गोधडी मागते.

आता मी सेंट्रल एसीच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. उलट नीट केलेल्या सेंट्रल एसीसारखं सुख नाही, म्हणून तर हा संताप. आवाज करणारी सगळी यंत्रं झोपायच्या खोलीबाहेर. थंडीचा झोत अंगावर न येता खोलीभर सारखी हवा. भिंतींवर सहा आउटडोअर लटकत नाहीत आणि सर्व्हिसला आलेल्या पोराला दोरीला लोंबकळावं लागत नाही. सगळी हवा एकाच ठिकाणाहून जाते, म्हणून तिथं चांगला जाड फिल्टर लावता येतो. मोशी, चिखली, रावेत या बाजूची बांधकामांची धूळ आणि अधूनमधून भंगाराच्या आगीचा धूर ज्यांनी खाल्लाय, त्यांना याचं मोल सांगायला नको. स्प्लिट बाहेरची ताजी हवा आत आणतच नाही. सेंट्रलमध्ये डँपर, म्हणजे हवेची झडप, लावून थोडी गाळून घेता येते. खोलीखोलीला वेगळा डँपर आणि वेगळा थर्मोस्टॅट दिला तर रिकाम्या खोलीवर वीज जात नाही. ज्या १९८२ साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली, त्याच साली जपानच्या डायकिननं एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारी, हवा तेवढाच गॅस पाठवणारी पद्धत बाजारात आणली. डक्टाचा पसारा नको असलेल्या मोठ्या घरांना ती उत्तम. आणि वाकडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन माणसं रात्री एकच खोली वापरत असतील, तर त्यांनी निमूट चांगला इन्व्हर्टर स्प्लिट घ्यावा, सेंट्रलचा नाद करू नये. हे वाक्य आपल्या धंद्याला बाधक आहे, कल्पना आहे.

बरं, हे सगळं आपल्याला येत नाही असंही नाही. माझा खरा राग तिथंच आहे. चाकणच्या एका कंपनीच्या ऑफिस इमारतीत आपणच केलेलं काम मी डोळ्यांनी पाहिलंय. रिटर्न डक्ट नेटका, फ्लँजला गॅस्केट, ड्रेनला ट्रॅप, फिल्टरवर दाब दाखवणारं गेज. एअर बॅलन्सिंगच्या रिपोर्टात प्रत्येक ग्रिलसमोर हवेचा वेग मोजणाऱ्या अ‍ॅनिमोमीटरचा आकडा आणि त्याखाली आपल्या इंजिनिअरची सही. कारण तिथं कन्सल्टंट मोजतो, आणि आकडा जुळला नाही तर बिल अडकतं. घरात कुणी मोजत नाही. घरात फक्त हात धरायचा असतो.

रोज आपला टेम्पो ज्या थरमॅक्स चौकातून वळतो, त्या चौकाला नाव देणारी कंपनी वाफेवर चालणारी थंडाव्याची यंत्रं बनवते. हवा जवळजवळ काढून टाकलेल्या भांड्यात पाणी चार-पाच अंशांवर उकळतं आणि उष्णता ओढून घेतं. त्याची वाफ लिथियम ब्रोमाइडचं द्रावण पिऊन टाकतं. मग बॉयलरची वाफ किंवा वाया जाणारी उष्णता त्या द्रावणातलं पाणी पुन्हा मोकळं करते. ज्या गावच्या चौकाला उष्णतेतून थंडी काढणाऱ्यांचं नाव आहे, त्या गावात आपल्याला जिप्सममध्ये साडेपाच चौरस फुटांचं भोक पाडता आलं नाही.

म्हणून शेठ, इथून पुढं घरातही मोजलं जाणार आहे. माझ्या शेजाऱ्यांना मी शिकवून ठेवलंय: बाथरूममधला टिश्यू रिटर्न ग्रिलला लावा, तो घट्ट चिकटला पाहिजे, आणि ग्रिल नुसती फुंकर घालण्याइतकी नसावी, फूटपट्टीनं तिची लांबी-रुंदी घ्या आणि टनांशी ताडून बघा. एक साधा थर्मामीटर सप्लायला, एक रिटर्नला. फरक दहा-बारा अंशांच्या बराच वर गेला तर हवा अडलीय, फारच कमी असेल तर गॅसची किंवा कॉम्प्रेसरची चौकशी करा. बेडरूमचं दार लोटताना जोर लागला तर ट्रान्सफर ग्रिल मागा. पाणी कुठून उतरतं ते विचारा आणि ट्रॅप बोटानं दाखवायला लावा. "गॅस कमी झालाय" म्हणाला तर गळती कुठंय ते आधी दाखव म्हणा. थर्मोस्टॅट १८ वर ठेवून दाखवण्याची आपली खोड मोडायलाही सांगितलंय. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो एकेका अंशामागं साधारण सहा टक्के वीज वाचते म्हणतं, आणि खोल्यांच्या एसीला १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांची डिफॉल्ट सेटिंग उगाच सक्तीची केलेली नाही. महावितरणच्या बिलात ५०० युनिटांच्या पुढचा टप्पा काय करतो, हे आपण गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही, मी सांगतो.

राहता राहिला आपला शेवटचा हप्ता, ज्यासाठी आपला मुलगा रोज फोन करतो. तो माझ्याकडं सुरक्षित आहे. येत्या गुरुवारी सकाळी या. गुरुवारी बहुधा महावितरणची देखभाल-दुरुस्ती असते, म्हणजे वीज नसेल आणि मशीन बंदच असेल. ग्राइंडर चालणार नाही, पण जिप्सम कापायला साधी करवत पुरते. ग्रिल साडेपाच चौरस फुटांची, टीव्हीच्याच भिंतीवर, उजेडाच्या पट्टीसकट कापून. येताना यू-ट्रॅप, सीलंटचे डबे, रिटर्नच्या डक्टाचा पत्रा आणि चार ट्रान्सफर ग्रिल आणा. अ‍ॅनिमोमीटर आणू नका, तो माझ्याकडं आहे. वीज आली की आपण दोघं मिळून प्रत्येक ग्रिल मोजू, आपण आकडे लिहायचे, खाली सही करायची, आणि बेरीज २,२०० च्या जवळपास भरली की चेक घेऊन जायचा.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
प्राधिकरणातला काका

ता. क. – माणूस पाठवू नका, स्वतः या. शिडी आमच्याकडं आहे.